चालते इंजिन बंद करताना

बडोद्याच्या आकाशात विमान आले की आमच्या पिढीतील मंडळी वर पाहण्याआधी आवाजावरूनच ते ओळखू पाहतात. हवाई दलाचे ॲव्हरो हे दोन इंजिनांचे मालवाहू विमान येथील तळावरून अनेक वर्षे उडत आले आणि त्याच्या जोडपंख्यांची संथ घरघर दांडिया बाजारापासून शियाबागेपर्यंतच्या गच्च्यांच्या परिचयाची झाली. त्या जुन्या विमानांची जागा घेण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सी-२९५ हे विमान येथे दाखल झाले. पुढे २८ ऑक्टोबर २०२४ रोजी याच विमानांची जुळणी करणाऱ्या कारखान्याचे बडोद्यात उद्घाटन झाले. हवाई दलाने मागवलेल्या ५६ विमानांपैकी ४० येथे तयार करण्याचे ठरले आहे. हेही विमान दोन इंजिनांचेच. तेव्हा दोन इंजिने म्हणजे दुप्पट भरवसा, एक रुसले तर दुसरे आहेच, ही समजूत बडोदेकराच्या मनात घर करून असली तर नवल नाही.

आमचीही समजूत तीच होती. ती एका हिवाळ्यातील रविवारी सकाळी ढळली, आणि ढळवली ती जेमतेम दीड मीटर पंखांच्या एका छोट्या विमानाने. त्या सकाळी जो प्रश्न पुढे आला, तो विमानविद्येचा कमी आणि माणसाच्या कर्तव्याचा अधिक आहे असे आम्हांस वाटते. म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या शेजारचा एक तरुण, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रेडिओच्या साहाय्याने उडणारी लहान विमाने बनवतो. त्या वर्षी त्याने चार महिने खपून दोन इंजिनांचे विमान तयार केले. इंजिन हा शब्द आम्ही सवयीने वापरतो. वस्तुतः त्यात विजेवर चालणाऱ्या दोन मोटारी होत्या. बाल्सा लाकडाच्या बरगड्या, त्यांवर इस्त्रीने ताणून बसवलेले पातळ आवरण, एकंदर वजन सुमारे दोन किलो. चार महिने घरातील जेवणाचे टेबल त्या विमानाने अडवले होते आणि तेवढे दिवस त्याच्या आईने घरच्यांना जमिनीवर पाने मांडून वाढले. विमानाची खरी किंमत सांगायची तर ती अशी सांगावी लागेल.

वारा पडलेला असतो म्हणून पहाटेच महीकडच्या एका मोकळ्या रानात जायचे ठरले. सोबत एक निवृत्त गृहस्थ होते. एके काळी त्यांनी एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील मुलांना विमानांची प्रारूपे बनवायला शिकवले होते. सगळे त्यांना सर म्हणतात. आम्ही केवळ प्रेक्षक. विमान सुरेख उठले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत ते डावीकडे वळले आणि वळतच राहिले. डावा पंख खाली गेला, नाक झुकले. विमानविद्येतले ओ की ठो न कळणारे आम्ही मोठ्याने ओरडलो, "अरे, वर ओढ, वर ओढ!"

सर मात्र शांतपणे म्हणाले, "दुसरी मोटार बंद कर."

तरुणाचा अंगठा थबकला. चालती मोटार बंद करायची?

"बंद कर. वाटेवर बाई आहे."

त्याने बंद केली. विमान क्षणात सरळ झाले, नाक खाली करून निःशब्द घसरत आले आणि गाडीवाटेच्या अलीकडे, तुरीच्या शेतात कोसळले. पंख मधोमध मोडला, नाकाचा चुरा झाला. तेथून चाळीसेक पावलांवर एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. तिने मान वळवली नाही. तिला काही कळलेच नाही.

परतताना तरुण बराच वेळ गप्प होता. मग आम्हांला म्हणाला, "काका, मी आणलं असतं ते. एक मोटार चालू होती. आणि बाई तोवर निघूनही गेली असती." सर एवढेच म्हणाले, "असेल." त्यांनी वाद घातला नाही. पण आमच्या मनातला वाद त्या एका शब्दाने सुरू झाला. चार महिन्यांचे श्रम ही निश्चित हानी होती. त्या बाईला इजा होणे ही केवळ शक्यता होती, आणि बहुधा लहानच. निश्चित हानी पत्करून अनिश्चित हानी टाळणे हा विवेक म्हणावा की भित्रेपणा? आणि विवेक असेल, तर तो कोणत्या आधारावर दुसऱ्याकडून मागायचा?

या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी त्या चालू मोटारीचे काय होते ते समजून घेणे भाग होते. तरुणाचा सारा दावा तिच्यावरच उभा होता.

बैलजोडीची उपमा येथे उपयोगी पडते. गाडी ओढताना डावा बैल एकाएकी उभा राहिला आणि उजवा तसाच जोर करीत राहिला, तर गाडी पुढे न जाता डावीकडे फिरते. उजवा जितका तगडा, तितकी ती अधिक फिरते. विमानाचेही तसेच आहे. फरक एवढाच की गाडीखाली जमीन असते. नाक डावीकडे फिरू लागले की उजवा पंख हवेतून अधिक वेगाने जातो, डावा मागे पडतो. उजव्याची उचल वाढते, डाव्याची घटते. विमान डावीकडे कलंडते. हे फिरणे रोखायला शेपटीवरचे सुकाणू असते. परंतु सुकाणूचा जोर वाहत्या हवेवर अवलंबून असतो आणि तो वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो: वेग निम्मा झाला की जोर चौथाई उरतो. उलट पंख्याची ओढ कमी वेगात घटत नाही, थोडी वाढतेच. म्हणजे प्रत्येक दुहेरी इंजिनाच्या विमानाला एक असा वेग असतो की ज्याच्या खाली, एक इंजिन बंद आणि दुसरे पूर्ण जोरात अशा स्थितीत, ते काही केले तरी सरळ ठेवता येत नाही.

आमचा सल्ला किती घातक होता हे आम्हांला तेव्हा उमगले. "वर ओढ" म्हणजे नाक उचल. नाक उचलले की वेग कमी होतो. वेग कमी झाला की सुकाणू लुळे पडते आणि चालते इंजिन विमानाला उलथे करते. खाली गेलेला पंख वर उचलण्यासाठी माणूस सहजच त्या पंखाची मागची झडप वापरू पाहतो. पण ती झडप खाली झुकली की त्याच पंखाचा अवरोध वाढतो, आणि आधीच मंदावलेल्या पंखाची उरलीसुरली उचलही सुटू शकते. हाताला जे स्वाभाविक वाटते तेच येथे चुकीचे ठरते. बरोबर आहे ते अस्वाभाविक: चालत्या इंजिनाचा जोर कमी करायचा, नाक खाली ठेवायचे, वेग टिकवायचा आणि समोर जी मोकळी जागा असेल तेथे उतरायचे.

दुप्पट भरवशाचा हिशेबही येथे तपासून पाहावा. समजा, एखाद्या इंजिनाने शंभर उड्डाणांत एकदा दगा दिला. मग दोन इंजिनांच्या विमानात, दोहोंपैकी एखादे बंद पडण्याचा संभव शंभरात जवळजवळ दोनदा होतो. दुसऱ्या इंजिनाने संकट निम्मे होत नाही, दुप्पट होते. त्या संकटातून बाहेर पडायचा मार्ग मात्र ते देते, आणि तोही ज्याने तो आधी शिकून ठेवला आहे त्यालाच. मोठ्या वाहतूक विमानांत हे साधते, कारण उड्डाणाच्या ठरावीक टप्प्यानंतर एक इंजिन गेले तरी विमान वर चढू शकले पाहिजे अशी त्यांच्या प्रमाणनाची अटच असते आणि वैमानिकांकडून याचा सराव पुनःपुन्हा करून घेतला जातो. शिवाय वैमानिक विमानात बसलेला असतो. नाक फिरले की ते त्याच्या अंगाला जाणवते, पायाखालच्या सुकाणूला जाणवते, समोरच्या तबकड्यांवर दिसते. छोट्या विमानाचा चालक शंभर मीटर दूर रानात उभा असतो. त्याला दिसते ती केवळ एक काळी आकृती. ती त्याच्याकडे तोंड करून येत असेल तर डावे-उजवेही उलटे दिसते. विजेची मोटार थांबल्याचे ऐकूही येत नाही. इंधनावर चालणाऱ्या जुन्या ग्लो इंजिनांचा निदान आवाज बदलतो. मिथेनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणाचा तो उग्र गोड वास ज्यांनी घेतला आहे, ते त्या आवाजातला फरक ओळखत. तरीही कोणते इंजिन गेले हे केवळ आवाजावरून सांगणे त्यांनाही कठीण जाई.

येथवर विषय यंत्राचा होता. आता माणसाकडे वळू.

खऱ्या विमानाचा चालक आणि छोट्या विमानाचा चालक यांच्यातला सर्वांत मोठा फरक तबकड्यांचा किंवा प्रशिक्षणाचा नाही, असे विचारान्ती आमच्या ध्यानात आले. खऱ्या विमानात चालकाचा जीव प्रवाशांच्या जिवाबरोबरच बांधलेला असतो. त्याची भीती हीच त्यांची पहिली राखण असते. छोट्या विमानाचा चालक मात्र जमिनीवर सुरक्षित उभा असतो. चुकीची किंमत त्याच्या अंगावर येत नाही. ती लाकडाच्या, पैशांच्या आणि चार महिन्यांच्या रूपात येते, किंवा मग दुसऱ्याच कोणाच्या अंगावर जाते. ज्याच्या हातात निर्णय त्याला धोका नाही आणि ज्याला धोका त्याच्या हातात निर्णय नाही. आमच्या मते या छंदाचा सारा नैतिक प्रश्न या एका वाक्यात आला.

बडोद्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. दर वर्षी १४ जानेवारीला आपल्या गच्च्या पतंगांनी गजबजतात. आपली घराणी येथे स्थिरावली त्याबरोबर संक्रांतीच्या तिळगुळाला उत्तरायणाचा मांजा येऊन मिळाला, आणि आपण तो आनंदाने आपलासा केला. पण गच्चीवरून ज्याचा पतंग कापला जातो, त्याला आपला लोंबता मांजा कोणत्या रस्त्यावर आडवा झाला हे दिसत नाही. तो दिसतो दुचाकीवरून जाणाऱ्याला, आणि कधी कधी फार उशिरा. नायलॉनच्या व तशा इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली. तरीही जानेवारी आला की शहरातील दुचाकीस्वार हँडलवर सळईची कमान बसवून घेतात. याचा अर्थ आपण नीट पाहिला आहे काय? खेळ गच्चीवरच्याचा, आणि काळजीचा खर्च मात्र रस्त्यावरच्याचा. मांजा निदान हाताला तरी लागतो, बोटे कापतो, आपण काही धरले आहे याची आठवण देतो. रेडिओचा दोर तर दिसतही नाही.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत जे घडले ते या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. लंडनला निघालेले दोन इंजिनांचे प्रचंड विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्या अपघाताची आणि रानातल्या खेळाची तुलना करणे अनुचित होईल. आम्ही ती करीत नाही. परंतु त्या १९ जणांचा विचार मनातून जात नाही. त्यांनी तिकीट काढले नव्हते. कोणताही धोका पत्करायला ते घराबाहेर पडले नव्हते. विमान लहान असो वा मोठे, त्याच्या खाली नेहमी कोणीतरी असा असतो की ज्याला कोणी विचारलेले नसते. चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली ती बाई त्यांपैकीच एक होती.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की दोन किलोच्या लाकडी खेळण्याचा एवढा बाऊ कशाला? येथे थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या दोन किलो वजनाच्या वस्तूची ऊर्जा, ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या ऊर्जेच्या दुपटीहून अधिक असते. तो चेंडूही शिरस्त्राणावाचून खेळायची छाती कोणाला होणार नाही. आणि या वस्तूच्या पुढे तर मिनिटाला हजारो फेरे घेणारी दोन पाती असतात. डिसेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये, फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, करमणूक म्हणून रेडिओवर उडणारी प्रारूपे उडवली जात होती. त्यांतील गवत कापण्याच्या यंत्राच्या आकाराचे एक प्रेक्षकांत घुसले. दोघे जखमी झाले आणि त्यांतील एकाचा पुढे मृत्यू झाला. गंमत म्हणूनच ते बनवले होते. गमतीची वस्तू गमतीनेच लागते असा निसर्गाचा नियम नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो त्या तरुणाचाच होता. बाईला काही झाले नसते. मग विमान मोडले ते व्यर्थच नाही का? या आक्षेपात एक फसगत आहे. जे टळले ते दिसत नाही आणि जे मोडले ते दिसते. त्यामुळे सावधपणाचा जमाखर्च नेहमी तोट्यातच निघतो. विमान सुखरूप उतरले असते तर आम्ही त्याला कुशल म्हटले असते. बाईला लागले असते तर आम्हीच त्याला बेजबाबदार म्हटले असते. दोन्ही वेळी त्याने केलेली कृती एकच असती. जी कृती एकच आहे तिला नशिबाने शाबासकी किंवा शिक्षा द्यायची, आणि आपण त्या निवाड्यावर सही करायची, हे न्यायाचे नाही. निर्णय तपासायचा तो निर्णयाच्या क्षणी जे कळू शकत होते त्यावरून. त्या क्षणी कळत होते ते इतकेच: विमान हाताच्या ताब्यात राहील याची खात्री नाही, आणि वाटेवर माणूस आहे. एवढे पुरेसे होते. 'असेल' या सरांच्या उत्तराचा अर्थ आम्ही असा लावतो: तू आणले असतेस हे खरे असेलही, पण ज्याचा पुरावा नंतरच मिळू शकतो, त्या कौशल्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव टांगता येत नाही.

मात्र याचा अर्थ एका इंजिनावर विमान आणण्याची विद्या शिकूच नये असा नाही. सयाजीरावांनी १८९० साली ज्या गावात कलाभवन काढले, हाताने करून शिकण्याला जेथे प्रतिष्ठा मिळाली, तेथे असा निष्कर्ष शोभणार नाही. ती विद्या शिकावी. पण भरपूर उंचीवर, निर्मनुष्य रानावर, वेग राखून, एकेका मोटारीचा जोर मुद्दाम कमी करून शिकावी. संकटात ती प्रथमच आजमावणे म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने शिकणे होय.

खरे तर त्या सकाळचा निर्णय आकाशात झालाच नव्हता. काही आठवड्यांनी तरुणाने आम्हांला आपण होऊन सांगितले की उड्डाणापूर्वी दोन्ही मोटारी चालवून पाहताना डावी किंचित उशिरा सुरू झाली होती. त्याच्या ते लक्षात आले होते. पण ऊन चढेल, वारा सुटेल, रविवार वाया जाईल, म्हणून त्याने ते मनाआड केले. मोडक्या विमानात मोटारीच्या तारेचा एक कच्चा डाग सुटलेला सापडला. ही कबुली आमच्या मते त्या दिवशीच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोलाची होती. संकटाच्या क्षणी माणसाचे धैर्य पाहिले जाते, पण त्याचे चारित्र्य त्याआधीच्या कंटाळवाण्या दहा मिनिटांत दिसते, जेव्हा कोणी पाहत नसते आणि सगळे ठीकच असेल असे वाटत असते.

त्या दहा मिनिटांत करायचे काय, हे सरांनी आम्हांला समजावून दिले. पाती काढल्याशिवाय टेबलावर मोटारीला वीज जोडायची नाही. दोन पंखे असलेल्या विमानात एका पात्यापासून दचकून मागे घेतलेला हात दुसऱ्या पात्यात जातो; म्हणून नेहमी पंख्यांच्या मागे उभे राहायचे. ट्रान्समीटरची शक्ती कमी करून लांबवरून सुकाणू हलते का ते पाहायचे. विमान घट्ट धरून ट्रान्समीटर मुद्दाम बंद करायचा आणि संदेश तुटताच दोन्ही मोटारी आपोआप थांबतात याची खात्री करायची. एक थांबली आणि एक राहिली तर तो सर्वांत वाईट प्रकार. दोन्ही मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि सारख्याच ओढीने चालतात हे पाहायचे. इंधनाचे इंजिन असेल तर पूर्ण वेगात विमानाचे नाक वर धरून ते मंदावत नाही ना, हे एकेकाचे तपासायचे. आणि शेवटी, पडायची वेळ आली तर कोठे पाडायचे ती जागा विमान जमिनीवर असतानाच ठरवून ठेवायची.

यात कायद्याचाही भाग आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत अशा प्रारूप विमानांचा वेगळा विचार केलेला आहे. केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी, दृष्टीच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रारूपांना नमुना-प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण आकाशाचे विभाग त्यांनाही लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर आणि त्यापलीकडे, अन्य निर्बंध नसलेल्या जागी, १२० मीटर एवढी उंची परवानगीवाचून मिळते. त्याहून जवळ पूर्वपरवानगी हवी. हरणीचा विमानतळ शहराला लागूनच असल्याने बडोदेकराला आपल्या गच्चीवरून वा जवळच्या मैदानातून असे विमान सोडता येत नाही, हे उघड आहे. तरुणाने म्हणूनच लांबचे रान गाठले होते. कायदा त्याने पाळला होता. तरीही बाई वाटेवर होतीच. कायदा आपल्याला जागा दाखवतो. त्या जागी त्या क्षणी कोण चालले आहे हे पाहायला डोळे आपलेच लागतात.

सरांच्या तरुणपणी ट्रान्समीटर ७२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालत. दोघांनी एकाच वेळी एकच कंप्रता वापरली तर दोन्ही विमाने बेताल होत. त्यावर उपाय म्हणून रानात एक फळी उभी करीत आणि तिच्यावर प्रत्येक कंप्रतेचा एकेक चिमटा लावीत, बहुधा कपडे वाळत घालायचाच. ज्याच्या ट्रान्समीटरवर तो चिमटा, त्यालाच त्या कंप्रतेवर उडवण्याचा अधिकार. चिमटा कोणी दांडगाईने काढून घेत नसे, आणि चिमट्यावाचून कोणी ट्रान्समीटर सुरू करीत नसे. आजचे २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आपसांत गोंधळ होऊ न देता चालतात, चिमटा लागत नाही. सोय झाली खरी. पण त्या चिमट्याने एक गोष्ट दर उड्डाणापूर्वी हातात धरायला लावली होती: हे आकाश माझ्या एकट्याचे नाही. ती आठवण आता ज्याची त्याने ठेवायची आहे.

राहता राहिला प्रश्न त्या थबकलेल्या अंगठ्याचा. तो का थबकला? ज्ञान कमी होते म्हणून नव्हे. दुहेरी इंजिनाचे हे शास्त्र त्या तरुणाला आमच्याहून शतपटीने ठाऊक होते. अंगठा अडला तो 'माझे' या शब्दाशी. विनोबांचे विद्यार्थिदशेतील दिवस याच गावी गेले. त्या वयात ते कविता करीत आणि मनासारखी उतरली की ती अग्नीला अर्पण करीत. १९१६ मध्ये घर सोडण्याच्या सुमारास त्यांनी आपली प्रमाणपत्रेही चुलीत टाकली. आपण निर्मिलेल्या वस्तूवरून आपला हात सहज उचलता येणे ही एक साधना आहे, हे त्यातून शिकावे. पण भेदही ध्यानात घ्यावा. विनोबांचा त्याग स्वतःच्या मुक्तीसाठी होता. तो न करते तरी कोणाचे नुकसान नव्हते. आमच्या तरुणाकडून वैराग्याची अपेक्षा नाही. त्याने विमानावर खुशाल जीव लावावा. जीव लावल्यावाचून चार महिने कोण खपेल? अपेक्षा इतकीच की ते प्रेम अंगठ्यापर्यंत उतरू नये. सर म्हणाले, "उडवायला नेतानाच ते मोडलं असं समजायचं. मग परत आलं तर तो प्रसाद." विमान मोडण्याची तयारी घरून निघतानाच झालेली असेल, तर रानात निर्णयाला क्षणही पुरतो. ती नसेल तर रानात वाद सुरू होतो, आणि आकाशात वादाला वेळ नसतो.

ज्या बाईसाठी ते विमान मोडले तिला त्याचा पत्ताही नाही. तिने आभार मानले नाहीत, मानण्याचे कारणच तिला ठाऊक नव्हते. आमच्या मते परक्याविषयीच्या कर्तव्याचे हेच शुद्ध रूप असावे. त्याचे श्रेय मिळत नाही. ते पार पडल्याची खूण म्हणजे कोणीतरी आपल्या वाटेने मान न वळवता निघून जातो.

पुढल्या हिवाळ्यात तरुणाने दुसरे विमान बांधले, तेही दोन मोटारींचेच. आम्ही पुन्हा सोबत गेलो. या खेपेस त्याने प्रत्येक डाग तपासला, दोन्ही मोटारी तीनदा चालवून पाहिल्या आणि मोठ्याने म्हणाला, "पडायचं झालं तर त्या पडीक तुकड्यात." इतक्यात गाडीवाटेवर एक गुराखी शेळ्या घेऊन आला. शेळ्या रेंगाळल्या, पडीक तुकड्यात शिरल्या, चरू लागल्या. तरुणाने मोटारींची वीज तोडली आणि तो बांधावर बसला. शेळ्या निघेपर्यंत ऊन चढले आणि वारा सुटला. विमान पुन्हा पेटीत गेले.

घरी आल्यावर त्याच्या आईने विचारले, "उडलं का रे?"

"नाही. आज शेळ्या होत्या," तो म्हणाला आणि हात धुऊन जेवायला बसला.